सरळ केलेली बोटं

तिच्या हातून गेलेल्या कपड्यावर कुणाला चुणी सापडली, असं कधी झालं नव्हतं. तिचं इस्त्रीचं टेबल एका खोलीत, आणि भिंतीपलीकडे नवऱ्याचं सलून. ही दिवसभर तोंड मिटून इस्त्री फिरवायची आणि तो दिवसभर तोंडाचा पट्टा चालवायचा. कात्री थांबली तरी त्याची जीभ थांबत नसे, म्हणून गिऱ्हाइकांनी त्याचं नाव बडबड्या ठेवलं होतं. त्यालाही ते आवडायचं.

एके दिवशी सलूनमधला वरचा दिवा गेला. शिडी मागून आणायची सोडून हा शहाणा गिऱ्हाइकाच्या फिरत्या खुर्चीवर चढला. खुर्ची फिरली. तिनं आपलं काम केलं, तिला काय बोल लावणार? मान बेसिनच्या काठावर आपटली, आणि जन्मभर लोकांच्या माना इकडून तिकडे वळवणाऱ्या माणसाचं मानेखालचं शरीर जवळजवळ परकं झालं.

सर्जननं मानेत पट्टी आणि स्क्रू बसवले. मग तपासण्या सुरू झाल्या. सर्जन त्याला डोळे मिटायला लावायचा, टाचणी टेकवायचा आणि विचारायचा, टोचतंय की नुसतं टेकल्यासारखं वाटतंय? अंगठ्याला टोचलेलं कळायचं. करंगळीला काही नाही. छातीखाली तर टाचणी कुठून कुठे गेली याचा पत्ताच नाही. मग एकेका स्नायूचा जोर बघून शून्य ते पाच असे मार्क. बडबड्या म्हणाला, शाळेतही आपल्याला एवढेच पडायचे. अख्खा वॉर्ड हसला. ती हसली नाही. त्याच पहाटे तो तिच्याजवळ रडला होता, हे तिला एकटीला ठाऊक होतं.

"पायांचं सोड," तो म्हणाला होता. "निदान माझा घास मला खाता यावा. चमचा तेवढा हातात राहू दे."

कोपर वाकायला लागलं, मनगट किंचित वर व्हायला लागलं. बोटं मात्र हलेनात. घरी सोडायच्या आदल्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी खाटेशी आली. तो डोळे मिटून पडला होता. तिनं त्याचा हात धरून बायकोला दाखवलं: मनगट वर उचललं की ही सैल बोटं आपसूक आत वळतात. थोडी आखडली तर आखडू द्या, त्याच पकडीत पुढे चमचा राहील. मनगट वर असताना बोटं कधीही ताणून सरळ करायची नाहीत.

बायकोनं मान हलवली, पण तिच्या मनाला ते पटलं नाही. आखडलेला हात म्हणजे कामातून गेलेला हात, एवढं तिला कळत होतं. ही पोरगी आशा सोडून बोलतेय, असं तिनं ठरवून टाकलं. तिला नवऱ्याचा कात्री धरणारा हात परत हवा होता.

म्हणून घरी आल्यावर रोज दुपारी ती गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारायची आणि खाटेपाशी बसायची. त्याच्या हाताला तेल लावायची, मनगट वर उचलून मागे वाकवायची आणि एकेक बोट दाबून दाबून सपाट करायची. तो तासभर गप्पा मारायचा. बोटं हळूहळू इतकी मोकळी झाली की तिला गुण येतोयसं वाटायला लागलं. सर्जनला दाखवायची तिला कोण घाई झाली होती.

सर्जननं टाचणी फिरवली. मनगटावर हात ठेवून जोर लावायला सांगितला. मागे दोन मार्क होते, आता चार. सर्जन खूश झाला. ती तर पदराआड रडलीच. मग त्यानं प्लास्टिकचा रिकामा पेला पुढे ठेवला आणि मनगट वर करून तो उचलायला सांगितलं.

मनगट झोकात वर आलं. बोटं उघडीच राहिली. पेला कलंडला. पुन्हा ठेवला, पुन्हा कलंडला.

सर्जननं स्वतः ते मनगट वर-खाली करून पाहिलं. मग विचारलं, "बोटं सरळ कोण करतं?"

बडबड्याच बोलला. "मीच करायला लावलं. ही नको म्हणत होती."

सर्जन रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, की जोर किती आला हे तो बघतोच, पण त्या जोरानं माणसाला काय करता येतं, हे जास्त बघतो. जोर आलाय. पण बोटं ओढणारे आतले दोर ताणून सैल पडलेत. बोटं मिटून पट्ट्या बांधून बघा, फार आशा ठेवू नका.

घरी तिनं त्याला भरवलं. तो मुकाट्यानं चावत होता. तिला राहवेना.

"मला सांगितलं होतं त्या व्यायामाच्या पोरीनं," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही. माझ्यामुळे झालं हे."

"मी जागा होतो तेव्हा."

तिचा हात ताटातच राहिला. "मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुझंच खरं ठरेल." "आणि तू अंगठा धरायचीस ना, तो मला कळायचा. तेवढंच कळतं मला."

तिनं पिशवीतून पट्ट्या काढल्या, त्याची बोटं आत मिटली आणि गुंडाळायला घेतली. पट्टी अंगठ्यावरून गेली तशी त्यानं मान भिंतीकडे वळवली.

"नको गं बांधूस," तो म्हणाला.

तिनं पट्टी सोडवली. तेलाची बाटली जवळ घेतली आणि रोजच्यासारखं त्याचं मनगट मागे वाकवून बोटांवर तळवा ठेवला. दाबावं काही लागलंच नाही. बोटं आधीच सरळ झाली होती.