जास्त झालेली ताकद

मॅडमनी माझे केस हाताने उचलले नाहीत. काउंटरवरची मीटरपट्टी घेतली. तिचं टोक माझ्या खांद्यावरच्या बटेखाली घातलं आणि बट वर केली. साड्यांच्या दुकानात ती पट्टी ब्लाउजचं कापड मोजायला असते. समोर लग्नाचा बस्ता काढायला आलेली माणसं बसलेली. नवरी, तिची आई, दोन आत्या. हातात चहाचे कप. मी पैठणीचा पदर उलगडत होते, तो अर्धवट उघडा माझ्या हातात राहिला.

"वास कसला येतोय हा?" मॅडमनी विचारलं. आवाज न चढवता. आमच्या मॅडम कधीच आवाज चढवत नाहीत, त्यांचं मराठी पुस्तकात छापल्यासारखं असतं. "आज येताना मासळी आणलीस का?"

आत्या हसल्या. नवरी हसली नाही. तिने रुमाल काढून नाकाला लावला. मला हसण्यापेक्षा तो रुमाल जास्त लागला.

मी म्हटलं, "अंडं आहे मॅडम. केसांना लावलेलं."

"अंडं काय नि मासळी काय, आम्हाला सारखंच. वर जाऊन बस."

वर म्हणजे पोटमाळ्यावर. तिथे जादा माल ठेवतात. ताठ उभंही राहता येत नाही. मी खाली बसून केसांतून अंड्याचे पांढरे कण काढत राहिले. सकाळी घाईत गरम पाण्याने केस धुतलेले आणि अंडं केसांतच शिजलेलं. कितीही ओढलं तरी निघत नव्हतं. कणाबरोबर केस तुटून हातात येत होता.

मासळीचा वास त्या दिवशी माझ्या अंगाला नव्हता. मासळी मॅडमच्या डोक्यात होती. माझं आडनाव त्यांना माहीत होतं. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या अंगाला आमचं गाव, आई बाजारात मासळीची पाटी घेऊन बसते, हे मुलाखतीतच त्यांनी विचारून घेतलेलं. त्यामुळे मी गुलाबपाण्याने न्हाऊन आले असते तरी त्यांना तोच वास आला असता.

आमच्या घरात सगळ्यांचे केस कुरळे. आईचे, आजीचे, भावाचेसुद्धा. दाट, आखूड वेटोळ्यांचे, कंगवा अडकणारे. शाळेत बाई विचारायच्या, घरी कंगवा नाही का. मी रोज विंचरून जायचे आणि रोज तेच ऐकायचे. विंचरल्यावर ते आणखी फुलतात हे बाईंना कुणी सांगायचं?

माजिवड्याच्या या दुकानात लागले तेव्हा मॅडम हसून म्हणालेल्या, "केस तेवढे सरळ करून घे हं. आपल्याकडे चांगल्या घरातल्या बायका येतात." मला तेव्हा राग आला नाही. उलट बरं वाटलं, की एवढंच करायचंय. मी स्ट्रेटनिंग करून घेतलं. मुळं वाढून दिसायला लागली की पुन्हा करायचे. दर वेळी डोक्याची आग व्हायची. एकदा कपाळाच्या कडेला फोड आले, पू झाला, उशीला चिकटला. त्यानंतर मी थांबले. बंड वगैरे काही नव्हतं, दुखत होतं म्हणून थांबले.

मग केस दोन तऱ्हेचे झाले. वरून नवे येत होते ते कुरळे, खाली जुने सरळ. कानाच्या जरा वर दोन्हींचा सांधा. तिथेच तुटायचे. कंगव्यात, टॉवेलवर, जेवणाच्या ताटात. दुकानातली सुषमा माझी मैत्रीण, मनाने चांगली. ती म्हणाली, केस अशक्त झालेत गं, त्यांना ताकद दे. मामी तेच म्हणाली. पार्लरवाली तेच म्हणाली आणि केराटिनचा, म्हणजे केसांच्या प्रोटीनचा डबा हातात ठेवला. मग मी ताकद द्यायला लागले. अंडं, दही, मेथ्या. वर प्रोटीनचा शाम्पू, प्रोटीनचा मास्क, धुतल्यावर लावायचं प्रोटीनचं सीरम. सगळं एकदम, दर दोन दिवसांनी. केस खराट्यासारखे कडक झाले. मला वाटलं, कडक म्हणजे मजबूत. तरी तुटायचे. तुटले की मी आणखी लावायचे.

अशाच एका सकाळी ते अंडं शिजलं.

त्या दिवसानंतर मला खाली काउंटरवर बोलावलंच नाही. शिक्षा आहे असं कुणी म्हणालं नाही. फक्त रोज सकाळी मॅडम वर बोट करायच्या आणि मी जिना चढायचे. घड्या घालायच्या, पिना काढायच्या, खालून मागतील ती साडी टाकायची. सुषमा चहा वर आणून द्यायची आणि माझ्या डोळ्यांकडे बघायचं टाळायची. मी घरी सांगितलं नाही. आई काय म्हणाली असती ते पाठ होतं मला: मोठी मानसं बोलतान, मन घट्ट करायचा. लहानपणापासून तेच. पाटीवर कुणी घालूनपाडून बोललं की ती मन घट्ट करते, घरी येते, भात टाकते. मी पोटमाळ्यावर बसून मन घट्ट करत होते. मला रोज वाटायचं की मी इथून कधी खाली उतरणारच नाही.

तिथेच फोनवर एका मुलीचा व्हिडिओ दिसला. हिंदीत बोलत होती, केस माझ्यासारखेच, अर्धे कुरळे अर्धे सरळ. ती म्हणाली, ओला केस दोन बोटांत धरून हळू ओढा. चांगला केस जरा ताणला जातो. ताणला न जाता तुटला तर त्याला प्रोटीन जास्त झालंय, आता बंद करा. मी खालच्या नळावर जाऊन एक बट ओली केली. केस ओढला. ताणला गेलाच नाही. टक् करून तुटला. दुसरा ओढला, तोही. तिसरा ओढायचा धीर झाला नाही. नळाशी उभी राहून मी रडले. ज्याला औषध समजून एवढे महिने थापत होते, त्यानेच माझे केस मोडत होते. आणि आजूबाजूच्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं की ताकदही जास्त होते.

सगळं टाकून दिलं. साधं कंडिशनर, मोठ्या दातांचा कंगवा, तोही केस ओले असतानाच. अळशी उकळून तिचा चिकट रस लावायचा. गरम पाणी नाही, ड्रायर नाही, अंडं तर नाहीच. पहिले कित्येक आठवडे काही फरक नाही. केस तसेच गळत राहिले, मी तशीच पोटमाळ्यावर. मग हळूहळू वरचे कुरळे मऊ पडले. बोटाला गुंडाळले की राहायला लागले. खालच्या सरळ भागाला मात्र काहीच लागू पडत नव्हतं. तो मेलेलाच होता. तो कापायलाच हवा, हे मला कळत होतं.

कापायची हिंमत नव्हती. मामेबहिणीचं लग्न ठरलेलं. आमच्यात हळदीला बायका अंबाडा घालून त्यावर फुलांची वेणी माळतात, आणि लग्नाच्या वयाची मुलगी आखूड केसांनी हळदीत नाचली की गावभर चर्चा. आईने माझ्यासाठीही स्थळं बघायला सुरुवात केलेली. म्हणून मी तो मेलेला भाग सांभाळत राहिले.

लग्नसराई आली. दुकानात गर्दी, काउंटरवर माणसं कमी. एका दुपारी मॅडमनी मला गाडीत बसवलं आणि वर्तकनगरला त्यांच्या नेहमीच्या पार्लरमध्ये नेलं. तुझे केस मी करून देते, दुकानाकडून, असं म्हणाल्या. पुन्हा खाली काउंटरवर येशील. मला थँक्यू म्हणावं लागलं. मी म्हटलं.

शेजारच्या खुर्चीत त्या स्वतः केसांना रंग लावून घेत बसल्या. माझ्या खुर्चीमागच्या बाईने माझे केस हातात घेतले, सांध्यापाशी दाबून पाहिले आणि हात काढून घेतला. मॅडमना म्हणाली, केमिकल लावलं तर हे सगळे वरून तुटतील. डोक्यालाही भाजेल, जुने डाग आहेत. हिला विचारू का एकदा?

मॅडम मासिकातून मान वर न करता म्हणाल्या, "तिला काय विचारायचं? ती कधी काही बोलत नाही."

खरं होतं ते. फोड आले तेव्हा मी बोलले नव्हते. पट्टीने केस उचलले तेव्हा अंडं आहे एवढंच बोलले, आपलं चुकलंय असं समजून. पोटमाळ्यावर पाठवलं तेव्हा जिना चढले. मॅडमनी मला चांगलं ओळखलेलं. मला त्यांचा राग आला त्याहून जास्त या गोष्टीचा आला, की त्या बरोबर बोलत होत्या.

मी आरशात बघून म्हटलं, "लावू नका. खालचे सरळ आहेत ते सगळे कापा."

कात्री लगेच चालली नाही. पार्लरवाली मॅडमकडे बघत होती.

"कापलेस तर उद्यापासून येऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. तोच आवाज.

"नाही येणार," मी म्हटलं. मग पार्लरवालीला म्हटलं, "कापा ना ताई."

हे वाचून कुणाला मी फार धीट वाटेन. नव्हते. केस खाली पडत होते आणि मी आत्ताच काय करून बसले याचा हिशेब लागत नव्हता. शेवटी डोक्यावर चार बोटं कुरळे केस उरले. कान उघडे. मान उघडी. मी आमच्या भावासारखी दिसत होते. मॅडम तोवर दुसऱ्या खोलीत केस धुवायला गेलेल्या, त्यांनी पाहिलंही नाही.

घरी आईने दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला.

"कोन मेला गो बाय आपल्या घरान?"

मी सगळं सांगितलं. पट्टी, अंडं, पोटमाळा, सगळं. वाटलेलं, ती मला जवळ घेईल. तिने घेतलं नाही. एवढंच विचारलं, नोकरी गेली ना? हळदीला तिने मला मागच्या रांगेत बसवलं आणि डोक्यावर ओढणी घ्यायला लावली. मला बघायला येणाऱ्या माणसांची तारीख तिने पुढे ढकलली. मला तिचा राग येत नाही. आयुष्यभर ऐकून घेण्यावर तिने घर चालवलंय. मी ऐकून घेतलं नाही, याची तिला भीती वाटते.

मागे कल्याणच्या एका शोरूमने बोलावलेलं. मुलाखत घेणारा तरुण होता, मला अहो-जाहो करत होता. शेवटी म्हणाला, केसांचं काहीतरी कराल ना, जरा स्ट्रेट वगैरे? मी नाही म्हटलं. कळवतो म्हणाला. कळवलं नाही. घरी आल्यावर आई त्या दिवशी ओरडली, केसात एवढा काय ठेवलाय? मागच्या बाजूचे केस अजून तुटतात. रात्री जाग आली की नोकरीची चिंता वाटते आणि वाटतं, चुकले का.

सकाळी मात्र वाटत नाही. माझ्या डोक्याला हात लावायचा तर आधी मला विचारायचं, आणि मी नाही म्हटलं की हात मागे घ्यायचा. यात मी आता कुणाशी तडजोड करणार नाही, आईशीसुद्धा नाही.

सोमवारी खोपटला एका दुकानात बोलावलंय. ओढणी न घेता जाणार आहे. आधी नाव सांगेन, मग गाव, मग आई मासळी विकते हेही त्यांनी विचारायच्या आत सांगेन. त्यानंतर ते केसांचा विषय काढतील. तिथेही मी नाहीच म्हणणार आहे.