भोंग्यातला आवाज

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, चळवळीतल्या सोबत्यांजवळ तर नाहीच. तुम्ही माझी पत्रकं वाचली असतील — पडदा दाखवतात आणि खिसा कापतात, वगैरे. शब्द माझेच. राग — तोही खराच होता. म्हणून तर सांगताना जीभ अडखळते.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात कुरुंद्याच्या बाजारात बोलपटाचा तंबू आला. त्याच्या दाराशीच एका कापडवाल्यानं पाल ठोकलं. दोन लुगडी घ्या, तिकीट फुकट! लुगडी गिरणीची, पण काठ पडद्यावरच्या नटीचा. बाया खेळ बघून बाहेर येत आणि त्याच काठावरून हात फिरवत. आदल्या दिवशी जे नावानंही ठाऊक नव्हतं, त्यावाचून दुसऱ्या दिवशी लग्न अडायला लागलं. हे मला कळत नव्हतं? सगळं कळत होतं.

आमच्याकडे लग्न ठरलं की नवरीची आई गावातल्या रहीमचाचांच्या हातमागाला हळद लावून यायची. मग चाचा लुगडं विणायला घेत. महिना जाई. माझी पत्रकंही त्याच मागाच्या खड्ड्यात दडलेली असत. निजामाच्या पोलिसांना तिथे हात घालायचं कधी सुचलं नाही. सापडली असती तर फटके चाचांनाच बसले असते.

कापडवाला मला म्हणाला, "भाऊ, तुमचा गळा लई बुलंद है. आमचे दोन शब्द भोंग्यात बोला, मग पाव घंटा तुमचं भाषण."

पाव घंटा! एवढी माणसं, आणि भोंगा! मी भुललो — नाही, भुललो म्हणणं फार सोपं आहे. मला तो भोंगा हवा होता. कनातीमागे, कोणाला दिसणार नाही असा बसून, आवाज घोगरा काढून मी ओरडलो, "मागाला हळद लावत बसाल तर पोरगी म्हातारी होईल! पडद्यावरचं लुगडं आजच न्या!"

घोषणा माझीच. त्याला हळदीचं काय माहीत? लोक खदखदून हसले. त्या हसण्यानं मला — खोटं कशाला सांगू — गुदगुल्या झाल्या. माझ्या भाषणाची वेळ आली आणि त्यानं भोंगा काढून घेतला. "आता खेळ है भाऊ. लोक बोंब मारतील."

मला फसवलं म्हणून मी महिनाभर धुमसत होतो. कोणी कोणाला फसवलं होतं?

त्या लग्नसराईत मागाकडे एकच नवरीची आई आली. तीही भाव विचारून गेली. चाचा म्हणाले, "भोंग्यातला आपल्याच गावचा है रे. हळदीची बात भाईरच्याला काय मालूम? तू लिव्ह त्याच्यावर. सोडू नको."

मी लिहिलं. घरभेद्या, विकाऊ, दलाल — एकेक शब्द पारखून. त्याहून तिखट पत्रक माझ्या हातून पुन्हा उतरलं नाही. चाचांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं.

"शाबास लेकरा. पन नाव काहून न्हाई टाकलं?"

"अजून कळलं न्हाई, चाचा."

ते पत्रक चाचांनी स्वतः दारोदार वाटलं. पुढच्या वर्षी माग मोडून ते गिरणीत कामाला गेले. निघताना माझा हात धरून म्हणाले, "तो सापडला तर मला कळव."

कळवतो, म्हणालो.