माझा बाप दारू पीत नव्हता

माझ्या डोक्यावर ओली गोधडी होती. मुताची. सकाळी आठ वाजता मला संस्थेच्या व्हरांड्याच्या पायरीवर उभं केलं होतं, गोधडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला लावून. वय आठ. शिक्षा साधी होती. गोधडी वाळेपर्यंत उभं राहायचं.

महिना आषाढाचा. लोणावळ्यात आषाढात काही वाळत नाही. भिंती वाळत नाहीत, चपला वाळत नाहीत. हे ताईंना माहीत होतं. संस्था त्यांची होती, त्या तिथंच राहायच्या.

दहाच्या सुमाराला पुण्याहून दोन गाड्या आल्या. कुणाच्या तरी मुलीचा वाढदिवस अनाथ पोरींबरोबर साजरा करायचा होता. ती मुलगी माझ्याच वयाची. पायरी चढताना तिनं नाकाला हात लावला आणि आईला विचारलं, "ही का उभी आहे?"

आईनं ताईंकडं बघितलं. ताई हसल्या.

"ही आमची मुतरी. शिस्त लावतोय. यांच्यात घरी कुणी शिकवलेलं नसतं ना."

सगळे हसले. आत केक कापला. मग त्या बाईंना माझी दया आली. त्या बाहेर आल्या आणि माझे हात रिकामे नव्हते म्हणून त्यांनी केकचा तुकडा माझ्या तोंडात घातला. कुणीतरी फोटो काढला. मी खाल्ला. गोड होता. तो मला गोड लागला, हे मला अजून सहन होत नाही.

मी वडिवळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या ठाकरवाडीतली. बाप भाताच्या खाचरात पान लागून मेला. सापानं मेलेल्या माणसाबद्दल आमच्याकडं असंच म्हणतात. पुढं आई लोणावळ्यात बिगारी कामाला यायला लागली, मला बरोबर घेऊन. एका बंगल्यामागं पोहायच्या तलावासाठी खड्डा खणत होते. आई खाली घमेली भरायची. मी वर मातीच्या ढिगावर बसायची. एका दुपारी मी चुळबुळ करायला लागले. आई खालून ओरडली, "जा गं, मुतून ये. जरा लांब जा, माणसं हायती हितं."

मी लांब गेले. करवंदीच्या जाळीमागं. परत आले तर खड्डा नव्हता. सपाट माती होती आणि माणसं बोंबलत होती.

तेव्हापासून माझं मुतणं माझ्या ताब्यात राहिलं नाही. दिवसभर व्हायचंच नाही, झोपेत व्हायचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे मला तिशी ओलांडेपर्यंत कळलं नाही. कारण कुणी विचारलंच नाही. मामानं विचारलं नाही. त्याची स्वतःची चार पोरं. त्यानं मला संस्थेच्या दारात आणून सोडलं. म्हणाला, "हितं पोटभर मिळंल. रडू नगं. मी येतो परत." आला नाही. ताईंनी विचारलं नाही. त्यांनी मारलं, उपाशी ठेवलं, संध्याकाळचं पाणी बंद केलं. मी आठ वर्षांची पोर चार वाजल्यापासून कोरड्या घशानं बसायची आणि तरी सकाळी ओली असायची.

ताईंनी मला एक गोष्ट पाठ करायला दिली. दर रविवारी पाहुण्यांपुढं म्हणायची. "माझे बाबा दारू प्यायचे. ते आईला मारायचे. एक दिवस त्यांनी आईला जाळलं. आता ताई हीच माझी आई."

मी म्हणाले, "ताई, माझा बाप दारू न्हाई प्यायचा. त्याला पान लागलं. आई खड्ड्यात गेली."

"खड्डा-बिड्डा नको. इथं येणाऱ्यांचेच बंगले आहेत. कशाला त्यांना वाईट वाटायला लावायचं?"

मी पाठ केलं. दहा वर्षं म्हटलं. पाहुण्या बायका डोळे पुसायच्या. कुठं आवाज कापरा करायचा तेही मला जमायला लागलं. माझा बाप बारका माणूस होता. बाजारातनं येताना मला खांद्यावर घ्यायचा आणि माझे दोन्ही पाय छातीशी धरून चालायचा. त्याला मी दर रविवारी दारुडा केला. खुनी केला. माझ्या तोंडानं.

अठराव्या वर्षी संस्थेतून बाहेर काढलं. नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले, कंत्राटी. बारा वर्षं तिथं काढली. मग एकदा ताईंचा फोन आला. "ये परत. आपलंच घर आहे. पोरींना सांभाळायला विश्वासाचं माणूस हवंय." आणि मी गेले. हे सांगायची लाज वाटते. पण मला 'घर' म्हणून दुसऱ्या कुणी बोलावलं नव्हतं.

मी मावशी झाले. पोरी मला भ्यायच्या. ताई म्हणायच्या, हिच्या हाताला वळण आहे. गोधडी ओली करणाऱ्या पोरींना मीही उभं करायची. फक्त डोक्यावर नाही, हातात द्यायची. मला वाटायचं, मी दयाळू आहे.

मग ती पोरगी आली. सात वर्षांची. सुदुंबऱ्याकडच्या एका चाळीतून. तिचं नाव मी सांगणार नाही. तिची गोष्टही सगळी सांगणार नाही, ती तिची आहे. एवढंच सांगते, कारण त्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. तिच्या आईला तिच्यासमोर केसाला धरून बाहेर ओढत नेलं होतं. आई परत आत आली नाही. हे सगळं तिच्या फायलीत लिहिलेलं होतं. फाईल कपाटात होती. मला वाचता येत होतं. मी वाचली नाही.

पोरगी केसाला हात लावू द्यायची नाही. फणी दिसली की खाटेखाली जायची. ओढून काढलं की चावायची. केसांच्या जटा झाल्या, उवा झाल्या. रविवारी एका कंपनीचे लोक येणार होते. ताई म्हणाल्या, "हे ध्यान त्यांच्यासमोर उभं करायचं का? कापून टाक सगळे."

मी तिला खाटेखालून ओढलं. दोन गुडघ्यांच्या मध्ये दाबलं. डाव्या हातानं केस मुठीत धरले. उजव्या हातात कात्री. ती ओरडली. तसं ओरडणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या हाताला तिनं कडाडून चावा घेतला, रक्त आलं. मी थोबाडीत मारली आणि कापत राहिले. अर्धं डोकं झालं आणि ती एकाएकी गप झाली. रडणं नाही, हलणं नाही. डोळे उघडे, पण कुठंच बघत नव्हते. मला वाटलं, सुतासारखी सरळ आली. तेवढ्यात माझ्या मांडीला ऊब लागली. साडीतनं आत.

ती मुतली होती.

माझा हात थांबला. अर्धं डोकं भादरलेली ती पोर माझ्या गुडघ्यांत, आणि मला स्वतःचाच वास आला. आठ वर्षांच्या माझा. आणि ताई मीच होते.

चाव्यासाठी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला गेले. तिथल्या सिस्टर माझ्याच वयाच्या, मावळातल्याच. त्यांनी जखम बघितली. "कुणी चावलं?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, का कोण जाणे. त्या जखम पुसत म्हणाल्या, "मावशी, ते पोर तुमाला चावलं न्हाई. ते जीव वाचवत हुतं. अंगात भ्या बसलंय, ते फटके मारून निघत न्हाई. उलट खोल जातं." मग पट्टी बांधताना म्हणाल्या, "आणि तुमचं काय झालंतं लहानपणी?"

सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं. मी खड्ड्याचं सांगितलं. करवंदीच्या जाळीचं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "मुतायला गेलात म्हणून जगलात. आई खड्ड्यात र्‍हायली. पोराच्या अंगानं ते कसं विसरावं?" मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून रडले नाही. मला राग आला. एवढं सोपं होतं. एक वाक्य विचारायचं होतं.

परत आले. कपाट उघडून फाईल वाचली. मग खाटेजवळ जमिनीवर बसले, हात लांब ठेवून. खाटेखाली बघून म्हणाले, "मी तुझे केस धरले. मी तुला मारलं. ते चुकलं. आता तुला विचारल्याशिवाय हात लावणार न्हाई." ती भिंतीकडं आणखी सरकली. तिनं का ऐकावं?

नंतरचे दिवस मी फक्त सांगून करत गेले. आता दार लावतेय. आता बाहेर जाते, चपात्या झाल्या की येते. आणि चपात्या झाल्या की यायचेच. तिची गोधडी ओली झाली की न बोलता बदलायचे. इतर पोरींना उभं करणंही सोडलं. दोघीतिघींनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. सकाळी आपणहून गोधडी हातात घेऊन व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातातून ती घेताना त्यांनी डोकं खाली घातलं, मार खायला. हे मी शिकवलेलं होतं.

शनिवारी त्या पोरीनं फणी मागितली. मी दिली. तिनं ती माझ्या केसांत घातली. आणि ओढली. मुद्दाम, जोरात, मुळापासून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बसून राहिले. तिनं लय वेळ ओढलं.

रविवारी कंपनीचे लोक आले. खुर्च्या, बॅनर, माईक. पोरगी पुढं उभी, डोक्याला रुमाल बांधलेला. ताईंनी तिलाही कागद पाठ करायला दिला होता. आधी त्यांनी मला पुढं ओढलं. "ही बघा. हीसुद्धा अशीच आली होती. अंथरूण ओलं करायची, आम्ही तिला मुतरी म्हणायचो." लोक हसले. "आज आमची मावशी आहे. सांग गं तुझी गोष्ट. मग ही छोटी सांगेल."

मी माईक घेतला.

"माझा बाप दारू पीत नव्हता. त्याला पान लागलं. माझी आई एका बंगल्याच्या पोहायच्या तलावाखाली गाडली गेली. हितनं चालत दहा मिनिटं. आता तिथं पाणी हाय. तुमच्यातलं कुणी पोहलंही असंल. जी गोष्ट मी हितं दहा वर्षं सांगितली, ती ताईंनी लिहून दिलेली. खोटी. आणि ही पोरगी आज काही सांगणार न्हाई."

पहिल्या रांगेतले एक साहेब म्हणाले, "अहो, मुलांसमोर असं काय बोलता?"

मी त्यांना म्हणाले, "तुमी तेच ऐकायला आलाय, साहेब. मुलांच्या तोंडून."

मग खाली बसून पोरीला विचारलं, "आत जायचं?" ती पुढं चालायला लागली. मी मागनं.

दुपारी ताईंनी ऑफिसात बोलावलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तुला गटारातून उचललं मी. तुमची जातच उपकार न जाणणारी."

"गटारातनं न्हाई. खड्ड्यावरनं उचललंत. आणि रोज पुन्हा त्यात उभं केलंत."

"चालती हो."

पिशवी भरायला अर्धा तास दिला. पोरगी दारात उभी होती. मी लवकर येते असं म्हणाले नाही. म्हणाले, "मला काढलंय. मी परत कधी भेटंन ते मला ठाऊक न्हाई. तू काही केलं न्हाईस." तिनं ऐकलं आणि खाटेखाली गेली. तिला भेटायची परवानगी मला अजून नाही. ताई सगळीकडं सांगतात, माझं डोकं फिरलंय. लहानपणापासूनच तशी होती म्हणतात.

मी पुन्हा पॅकिंगला लागले. आणि बाल कल्याण समितीकडं तक्रार दिली. मागच्या महिन्यात जबाबाला बोलावलं. समोर एक लिहून घेणारे गृहस्थ, बाजूला समितीच्या बाई. मी सगळं सांगितलं. पाणी बंद करणं, पायरीवर उभं करणं, रविवारचा माईक. त्यांनी लिहिलेलं मला वाचून दाखवलं. एक वाक्य होतं, 'बालिकेचे केस तिच्या इच्छेविरुद्ध कापण्यात आले.'

"कापण्यात आले न्हाई," मी म्हणाले. "मी कापले."

बाई पुढं वाकल्या. "हे असं लिहिलं तर तुमच्यावरच येईल. संस्था तेच धरेल. राहू द्या ना 'कापण्यात आले'. कायद्याची भाषा अशीच असते."

"माझी आई पण अशीच गेली बाई. दुर्घटनेत मृत्यू झाला, म्हणून लिहिलंय. कुणी खणलं, कुणी मातीला टेकू लावले न्हाईत, ते न्हाई. खोडा ते."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. मी बसून राहिले. बाहेर पुढच्या माणसाला हाक मारली, तरी उठले नाही. शेवटी त्यांनी खोडलं. मी सांगितलं तसं लिहिलं. मी कापले, ताईंच्या हुकमानं, पोर ओरडत असताना, गुडघ्यात दाबून. खाली माझी सही.

पुढच्या तारखेला ताई वकील घेऊन येणार आहेत. मला शिक्षा झाली तर मी भोगीन. पण त्या पानावरचं एक अक्षर मी बदलू देणार नाही. आणि त्या मला विचारतील तेव्हा माझा गुन्हा मी त्यांच्याआधी मोठ्यानं वाचणार. मग त्यांनी त्यांचा वाचायचा.