शाफ्टचे कान

माझ्या थोरल्या वहिनीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, कारण बिघडलेले ट्रॅक्टर उजाडायच्या आत परत कामावर जायला हवे असत. भाऊ गेल्यावर त्याचे पाने तिने उचलले ते सव्वीस वर्षं खाली ठेवले नाहीत. कामाभोवती नुसते घिरट्या घालणारे लोक मी लेथवर चाळीस वर्षं पाहिले, पण ती भाड्याच्या ज्या शेडमध्ये दुरुस्ती करायची, तिच्या मालकासारखा दुसरा पाहिला नाही.

त्याचा ट्रॅक्टर त्याच्याइतकाच जुना होता, फक्त जास्त उपयोगाचा. मागे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर. ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरपर्यंत नेणारा जो पीटीओ शाफ्ट असतो, त्याच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, महिन्यात तीनदा तुटला. तिन्ही वेळा वहिनीनेच बसवलेला. बाईच्या हातचा क्रॉस टिकत नाही, असं मालक दारोदार सांगत सुटला. कोपऱ्यावरच्या वेल्डरने गिअरबॉक्सच गेल्याचं निदान केलं, तेही ट्रॅक्टरकडे न बघता, दात कोरत. चौथा तुटला तर वहिनीने शेड खाली करायची आणि तिथे वेल्डर येणार, हे दोघांनी परस्पर ठरवून टाकलं.

वहिनी भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, की शाफ्टला ग्रीस कोण लावतं? मालकाची छाती फुगली. दर सोमवारी तो स्वतः शाफ्टचे दोन तुकडे ओढून वेगळे करी, पुसून लखलखीत करी, ग्रीस लावी आणि परत जोडी.

चौथा क्रॉस बसवून तिने त्याला तेच सगळ्यांसमोर करायला लावलं. त्याने केलं. हात झटकून आमच्याकडे पाहिलं, जणू पूल बांधला.

शाफ्टचा एक तुकडा चौकोनी दांडा, दुसरा त्यावर सरकणारी चौकोनी नळी. दोन्हींच्या टोकाला कानांसारखी दोन-दोन पाती. चारही कान एका रेषेत हवेत. मालकाने पाव फेरा चुकवून आडवे-उभे जोडले होते. असा शाफ्ट गचके देत फिरतो, आणि क्रॉसचा भुगा होतो.

वहिनीने रोटाव्हेटर थोडा उचलला, त्याच्या झाकणावर एक नट ठेवला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि शाफ्ट फिरवला. नट थडथडत खाली पडला. इंजिन बंद करून तिने नळी ओढली, पाव फेरा वळवून जोडली, पुन्हा फिरवला. नट थरथरला, पण जागचा हलला नाही.

“चारही बाजूंनी बसतो, मग चारही बरोबरच की,” मालक म्हणाला.

“पाय कुठल्याही चपलेत जातो, मालक. उजवी-डावी आपण बघायची असते.”

वेल्डरला अचानक दुकानातलं काम आठवलं.

वहिनीने दोन्ही तुकड्यांवर कानशीने खूण करून दिली. पुढच्या मंगळवारी ट्रॅक्टर पुन्हा खडखडत हजर. मालकाने खुणेवरच ग्रीस थापून शाफ्ट पुन्हा चुकीचा जोडला होता. खूण ही डोळे असणाऱ्यासाठी असते. मग तिने नळीच्या तोंडाला कडं आणि आत दांड्याला पिन बसवली. शाफ्ट लांबेल, आखडेल, पण निघणार नाही. ग्रीस आत भरायला बाहेरून निपल, म्हणजे बारीक तोटी. इतकी मेहनत फक्त एका माणसाचे हात लांब ठेवण्यासाठी.

तो क्रॉस चार हंगाम चालला. आपण दर सोमवारी ग्रीस लावतो म्हणून टिकला, असं मालक सांगायचा. शेड खाली करायचा विषय त्याने परत काढला नाही. चुकलो, असंही म्हणाला नाही. पण आपली जागा असल्या माणसाच्या लहरीवर आहे, हे वहिनीला कळून चुकलं होतं. नट पडला त्या दिवसापासूनच ती रविवारीही शेड उघडू लागली होती. अकरा वर्षांनी मालकाला शहरात मुलाकडे जायचं झालं, तेव्हा रविवारच्या त्या मजुरीतून तिने शेड विकत घेतली, गळक्या पत्र्यांसकट.