अण्णांचा हलका धक्का

आमच्या शेजारच्या अण्णांइतका संशयी आणि त्यांच्याइतका निर्मळ माणूस अख्ख्या टिळकवाडीत दुसरा नसेल. टिकाऊ दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीला हलका धक्का देऊन पाहिल्याशिवाय त्यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. सुताराने कपाट आणलं की आधी धक्का. मुलीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसले. मुलगा निमूट प्यायला. आज तो त्यांचा जावई आहे.

ही खोड त्यांच्या विषयातून आलेली. अण्णा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. अतिथंड केलेले अणू एकवटून एकाच लाटेसारखे वागतात. लेसरच्या उजेडाने विणलेल्या जाळीत ती लाट, म्हणजे त्यांचा सॉलिटॉन, न पसरता टिकते का, हे ते घरच्या संगणकावर तपासत. मूळचे खानापूरकडचे भातशेतीवाले. मला समजावताना म्हणाले, "उजेडाचं बांध घातल्यात समज. वाफ्यात पाणी न्हाय, लाट हाय." लाटेला किंचित हलवायचं आणि ती सावरते की फुटते ते बघायचं, यात बारा वर्षं गेली. वीज जाऊन चार दिवसांचं गणित वाया गेलं तरी ते फक्त चष्मा पुसत.

शेवटी एक लाट टिकली. परदेशातल्या एका जर्नलने निबंध स्वीकारला. निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्यांच्या पत्नीने, आक्कांनी, गल्लीभर पेढे वाटले. छापून येण्याआधी अण्णांनी सवयीने तेच गणित दुप्पट वेळ चालवलं. लाट हळूहळू कडेने झिरपली आणि विसकटली.

छापू द्या, एवढा वेळ कोण चालवून बघणार आहे, असं मी म्हणालो. त्या बोलण्याची मला आज लाज वाटते. अण्णा रागावले नाहीत. "मी बघितलंय की रं," म्हणाले, आणि निबंध मागे घेतल्याचं पत्र पाठवून दिलं.

निरोप समारंभात प्राचार्यांनी नेमका त्याच निबंधाचा गौरव सुरू केला. अण्णा उठले. "त्यो निबंध चुकलाय. मी मागं घेतलाय," एवढंच सांगून खाली बसले. माझ्या शेजारी बसलेल्या त्यांच्या थोरल्या भावाने मला हळूच विचारलं, काय झालं. मी सांगितलं. म्हातारा म्हणाला, "आमचा बा बी असाच हुता."

अण्णांच्या बारा वर्षांची आज छापील एक ओळ नाही. त्यांचा शेजारी असल्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. ते त्यांना सांगायचं मात्र राहूनच गेलंय.