चमचा माझ्याकडे होता

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. बोलण्यासारखं होतं तरी काय? ग्लासवर एक चमचा वाजवला, इतकंच — असं मी स्वतःला सांगत आलो.

आम्ही काही विज्ञानकथा लिहिणारे पुण्याजवळ भुकूमला एका सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जमतो. बहुतेक हिंजवडीत नोकरीला, बाहेरगावाहून आलेले. एकानं कथा वाचायची, आणि विज्ञान घसरलं की स्टीलच्या ग्लासवर चमचा वाजायचा, असा आमचा रिवाज. वाचणाऱ्यानं खुलासा द्यायचा. नाही जमला तर खाली बसायचं. चमचा माझ्याकडे. नोकरीतही मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकाच शोधतो — म्हणून असेल.

सुमनताई धरणाकाठच्या वाडीतल्या, अंगणवाडी सेविका. ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. त्यांच्या कथेत धरणाचं पाणी काठावर बोललेलं सगळं साठवून ठेवतं. एक मुलगी पाण्यात यंत्र सोडते, आणि तिला ऐकू येते आता हयात नसलेल्या आईनं कधीकाळी काठावरून मारलेली हाक — ‘सुमे, भाकर निवतीया.’

मुलीचं नाव त्यांनी बदललंच नव्हतं.

मी चमचा वाजवला.

आवाज पाण्यात साठून राहत नाही, म्हणालो. ही विज्ञानकथा नाही ताई, भुताटकी आहे. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. मुलीनं त्या हाकेला ओ दिली का, ते पुढच्या पानावर होतं. ते पान वाचलं गेलंच नाही.

खरं सांगू? माझ्या अंगावर काटा आला होता. मग वाजवला का? हेवा वाटला? की डोळे भरतील आणि सगळ्यांना दिसतील, याची धास्ती? आजही उमगत नाही. एवढंच कळतं की मला विज्ञान खटकलं नव्हतं. त्याच बैठकीत, त्यांच्या आधी, माझ्या कथेतलं यान चहा निवायच्या आत दुसऱ्या ताऱ्यावर पोचलं होतं. ते शक्य, आणि पाण्यात राहिलेली आईची हाक अशक्य — हे ठरवलं कुणी?

ताई उभ्याच होत्या. “सर, मंग कसं करू? तुमी सांगा, तसं बदलते.”

तेव्हा तरी म्हणता आलं असतं — वाचा पुढे. मी म्हणालो, हाक काढून टाका. यंत्राला पाण्याची खोली मोजू द्या.

पुढच्या महिन्यात त्या आल्या. हाक नव्हती. मुलीचं नावही दुसरंच. यंत्र खोली मोजत होतं, गाळ मोजत होतं. निम्मे जण मोबाईल बघत होते. चमचा वाजवायला जागाच नव्हती. शेवटी टाळ्या झाल्या — सगळ्यात जोरात माझ्या. आता झाली विज्ञानकथा, असंही म्हणालो.

त्यांनी कागदांची घडी करून पिशवीत ठेवली. राग दिसला नाही — किंवा मी पाहिला नाही.

“व्हय सर,” त्या म्हणाल्या, “आता तिच्यात कुनी बोलतच न्हाई.”

मग गाडी चुकेल म्हणून निघाल्या. परत आल्या नाहीत.

चमचा अजून माझ्याकडेच आहे. मागच्या बैठकीतही वाजवला.