दादांची उसण

दादांनी काहीच उचललं नव्हतं. त्यांनी हे दहा वेळा सांगितलं आणि दहाही वेळा कोणी ऐकलं नाही. त्याचा संताप मला आजही येतो.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. वडील, म्हणजे आमचे दादा, बेलापूरला शाळामास्तर. सकाळी ओट्यावर वह्या तपासत बसले होते आणि एकदम डाव्या कुशीत कळ आली. आत्यानं जागच्या जागी निकाल दिला, "उसण भरली. पोतं उचललं आसशील."

"अगं, वह्या तपासत होतो मी."

"आसंल, तुझ्या ध्यानात न्हाई."

मी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. पायाळूची लाथ पाठीत बसली की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे कंबर धरून वाकडे झालेले लोक नेहमी आमच्या दारात. मी कॉलेजात जाणारी, तरी त्या मानाचं मला कौतुक होतं. आत्यानं दादांना पालथं झोपवलं. मी डावा पाय उचलला.

"हळू गं," दादा म्हणाले.

"जोरात मार! हळू मारून उसण जाती व्हय?" आत्या म्हणाली.

मी तीन लाथा मारल्या. मग बापाला पाय लावला म्हणून त्यांच्या पाया पडले.

दुपारी दादा पांढरेफटक पडले. गावातल्या डॉक्टरांनी लघवीची बाटली उजेडाकडे धरली. "साफ आहे, म्हणजे मूत्रपिंडाचं काही नाही. काय उचललंत, मास्तर?" पुन्हा तेच! एक इंजेक्शन टोचलं आणि दिलं घरी पाठवून.

दुसऱ्या दिवशी कुशीत गोळा हाताला लागायला लागला, तेव्हा शेजाऱ्यांच्या जीपमधून नगरला नेलं. तिथल्या सर्जननी घाईनं ऑपरेशनला घेतलं. मूत्रपिंडाभोवती रक्त साचलं होतं. कुठलाही मार न लागता, आपोआप. "लघवीत रक्त दिसत नाही, मग हे ओळखणं फार अवघड," ते म्हणाले. ते मूत्रपिंड काढलं आणि दादा वाचले.

अवघड असेल, मान्य. यंत्रं नव्हती. पण समोरचा माणूस काय सांगतोय ते ऐकायला कसलं यंत्र लागतं?

दादा घरी आले, तर आत्या गल्लीभर सांगत होती, "पोरीचा पाय लागला म्हनून वाचला." मी तिच्यावर तोंड टाकलं, डॉक्टरांचाही उद्धार केला. दादा खाटेवर पडून ऐकत होते. "हळू गं" असं ते म्हणाले होते, तरी मी लाथ जोरात का मारली, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही.